पाकीट नदीत, मतदान मंगळवारी

२१ ऑक्टोबर, मंगळवार
नाश्त्यालाच जुंपली! मी एवढंच म्हणालो — मत देताना फोटोचं कार्ड दाखवायला काय जातं? तेवढंही जमत नाही तो आळशी. वर्लीनने तवा आपटला. "आणि बंदूक घेताना कुणी दोन प्रश्न विचारले की तुझ्या हक्कावर गदा!"

बंदूक राज्यघटनेत आहे, म्हटलं. "मग मत काय किराणाच्या यादीत आहे?" बायको नगर परिषदेला उभी राहिल्यापासून तोंड फारच चालतं. बोलते मात्र झकास.

२२ ऑक्टोबर
नेमबाजीच्या क्लबात माझं 'आळशी' भलतंच गाजलं. वर मी म्हणालो, आपल्या टेक्सासात बंदुकीच्या परवान्यावरही मत देता येतं, आणखी काय सोय हवी? घरी तेच ऐकवलं, तर — "तुझं बंदुकीचं कार्ड चालतं, पोरांचं कॉलेजचं कार्ड नाही. वा रे सोय!" उत्तर सुचलं, पण तोवर ती प्रचाराला गेलेली.

२६ ऑक्टोबर
पाकीट नदीत! मासा ओढायला वाकलो आणि गेलं. गाडीचा परवाना, बंदुकीचा परवाना, सगळं. मासाही गेला. हसून हसून वर्लीन खुर्चीवरून पडायची बाकी होती.

२९ ऑक्टोबर
नवं कार्ड टपालाने येणार, मतदानानंतर कधीतरी. आज वर्लीन हसली नाही. "हॉलिस, एकेक मत मोलाचं आहे रे. मतदान केंद्रावर एक कागद देतात. कार्ड का नाही ते सांगून सही करायची, विजेचं बिल दाखवायचं. करशील ना?"

करीन म्हणालो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
बंदूक गाडीत ठेवून आत गेलो. मतदान केंद्रात नेता येत नाही.

टेबलामागे चर्चमधली ओटिली. कागद सरकवत म्हणाली, "ओळखपत्र हरवलं, इथे खूण कर. खाली सही." मागे रांगेत क्लबातली अख्खी टोळी! "काय रे हॉलिस, कार्ड नाही? आळशी!" खसखस पिकली. माझे कान तापले. "गाडीत आहे, आणतो," म्हणालो आणि सटकलो.

पेट्रोल पंपामागे गाडी लावून बसलो. आता जाऊ, मग जाऊ, करता करता मतदान संपलं. गाढव आहे मी!

घरी वर्लीनने विचारलं, "झालं?"

"केवढी रांग होती!" म्हणालो. खोटं नव्हतं. तिने गालाचा मुका घेतला.

५ नोव्हेंबर
वर्लीन एका मताने हरली. रडली नाही. म्हणाली, "तुझ्यासारखा हेकट माणूस माझ्यासाठी त्या कागदावर सही करून आला. मला तेवढं पुरे."