शर्ट जाळणारी कादंबरी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कादंबरीने काल आमच्या लॉन्ड्रीत एक पांढरा शर्ट जाळला! रागावू नकोस, मिरव. आमच्याकडे दुपारी एकजणी मोठ्याने वाचते आणि तिच्या वाट्याचे कपडे बाकीच्या इस्त्री करतात. सध्या तुझं पुस्तक चाललंय. ‘माझा टॉवेल कुठे आहे?’ या प्रश्नाला आजपासून उत्तर द्यायचं नाही, असं तुझी नायिका ठरवते आणि नवरा पडदा गुंडाळून पाहुण्यांसमोर येतो, तिथे आमच्या इस्त्रीवालींतली थोरली, आमची ताई, इतकी हसली की इस्त्री शर्टावरच राहिली. मालकीणबाई ओरडायला आल्या आणि प्रकरण संपेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

लेखिका माझी सख्खी मावशी आहे म्हटलं, तर कुणाला पटेना. सगळ्यांना तुला भेटायचंय. महिनाअखेरीच्या रविवारी येच, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझी सर्वांत लाडकी (हे मीच ठरवलंय),
ठकी

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. शर्टाचं वाईट वाटलं, पण थोडंच.

येणं मात्र जमायचं नाही. अगं, तो टॉवेलवाला म्हणजे तुझे काका! ह्यांनी पुस्तक अजून उघडलेलंच नाही, सवडीने वाचेन म्हणतात. मी आले की गाडी चालवायला हे येणारच, आणि भरल्या खोलीत सगळ्या आपल्यालाच हसताहेत हे कळलं तर? तापट दिसले तरी मनाने लोणी आहेत. त्याच भीतीने दुसरी कादंबरीही चार पानांवर थांबवली आहे. माझी हौस होते आणि त्यांचं हसं, असं नको.

मैत्रिणींना माझं प्रेम सांग, आणि इस्त्रीकडे लक्ष ठेव.

तुझी भित्री
मावशी

१९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तुझं गुपित मी फोडलं नाही. फक्त विचारलं, हा नवरा कुणासारखा वाटतो? सगळ्या एकदम म्हणाल्या की आमच्याच घरातला! लेखिका आमच्या खिडकीखाली राहते का, असं ताईने विचारलं. घरोघरी मातीच्या चुली गं. दुसरीची चार पानं झालीत म्हटल्यावर तर यंत्रं बंद करून टाळ्या वाजवल्या.

पण एक घोळ झालाय. मालकीणबाईंनी निमंत्रण धाडलं ते काकांच्या नावाने! कुणाच्या घरी काही पाठवायचं तर पुरुषाच्या नावाने, ही हाताची जुनी सवय. तुझं पुस्तक डोक्यावर घेऊन नाचणारी बाई ही! वर आत लिहिलंय की आपल्या पत्नीने टॉवेलचं प्रकरण स्वतः वाचून दाखवावं. चूक कळेपर्यंत पाकीट गेलं होतं. शिव्या द्यायला तरी लिही.

तुझी, तूर्त जीव मुठीत धरलेली,
ठकी

४ मार्च

चि. ठकीस,
पोटभर आशीर्वाद.

तेव्हा शिव्या द्यायलाही हात धजला नाही, म्हणून आता सगळं सांगते. पाकीट ह्यांनीच फोडलं आणि लगेच पुस्तक घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात देव आठवत होते, तर बाहेरून खो खो हसणं! म्हणाले, हा तर हुबेहूब आमचा दादा. मी पोळ्या लाटत राहिले. मग रविवारी स्वतःच मला घेऊन तुमच्याकडे निघाले. शेवटच्या रांगेतून सगळ्यांहून मोठ्याने हसत होते, ते तू पाहिलंसच. ताईने सही घेताना माझा हात किती वेळ सोडला नाही! इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

आता तू न पाहिलेलं ऐक. परतताना ह्यांनी गाडी फारच हळू चालवली. दाराशी आल्यावर विचारू लागले, माझी किल्ली कुठे, आणि मध्येच थांबले. मग स्वतः शोधायला लागले. पिशवी उपसली, गाडी उलथीपालथी केली. किल्ली त्यांच्याच शर्टाच्या खिशात होती, मला दिसत होती. मी जीभ चावून उभी राहिले. अखेर सापडली. दार उघडता उघडता ह्यांनी हळूच विचारलं, तो दादा नव्हता ना? मी नाही म्हटलं आणि मला रडूच आलं. हे आत जाऊन पाणी प्यायले, मलाही आणून दिलं. मग म्हणाले, पुढच्या पुस्तकात त्याला एखादी तरी वस्तू सापडू दे.

पाचवं पान लिहून झालं आहे. त्याला किल्ली सापडते.

मैत्रिणींना सांग, नवं पुस्तक वाचायला घ्याल तेव्हा आधी इस्त्री बंद करा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
मावशी