सुटली म्हण

सोमवार, ३ जून

आजपासून नोकरी. दवाखान्यांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, तिची गाडी चालवायची. जाताना धुतलेल्या चादरी, येताना मळलेल्या. ताईच्या घरी मागची खोली मिळाली. खिडकीतून लाँड्रीचं धुराडं दिसतं. ताईने नवी उशी दिली आणि घोरलास तर उशीसकट बाहेर काढीन असं बजावलं. दाजी म्हणाले, हिच्या घोरण्यापुढे तुझं ऐकू कोणाला येणार. फार दिवसांनी पोट धरून हसलो.

शिकवायला सबूरकाका आहेत. खरं नाव कोणी घेत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की ते सावकाश म्हणतात, सबूर, सबूर, सबूर. तिसरं सबूर संपायच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण तिला फार चिकटलो आहोत.

मंगळवार, ४ जून

काकांचे नियम. समोरचा चुकणारच असं धरून चालायचं. हिरवा दिवा आपल्यासाठी आहे, पण तो दुसऱ्याला थांबवत नाही. उभ्या ट्रकच्या खालून बघायचं, पलीकडे पाय दिसतात का.

काचेला कॅमेरा आहे, त्याला चित्रण दाखवणारा तळहाताएवढा पडदा. त्याची एक गंमत. कोणी थोडक्यात बचावलं की ड्रायव्हरने मोठ्याने 'सुटला' म्हणायचं. मग ते चित्रण पुसलं जातं. इंजिन बंद होण्याआधी केबिनमधला शेवटचा शब्द तोच असला पाहिजे. 'वाचला' म्हटलं तर चालणार नाही का, असं मी विचारलं. काका म्हणाले, वाचला म्हणजे उरला. आणि उरलेलं कोणीतरी संपवतं.

व्याकरणाचे मास्तर व्हायचे, चुकून ड्रायव्हर झाले.

दुपारी एक कुत्रा आडवा आला. काकांनी ब्रेक दाबला, 'सुटला' म्हणाले, पडदा काळा झाला. पुढे शीळ घालत निघाले.

गुरुवार, ६ जून

पहिल्यांदाच मी चालवत होतो, काका शेजारी. डबा घरी विसरलो होतो आणि तो द्यायला ताई लाँड्रीच्या फाटकापाशी आली होती. उभ्या ट्रकमागून ती एकदम पुढे आली. मी आरशात बघत होतो, ट्रकखाली नाही. करकचून ब्रेक दाबला. बंपर तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. 'वाचली!' असं ओरडून मी किल्ली फिरवली आणि खाली उडी मारली. मागून काका ओरडत होते, सुटली म्हण, आधी सुटली म्हण.

ताईने डबा माझ्या पोटात खुपसला. म्हणाली, मारायचंच होतं तर जेवून तरी मारायचं.

काकांनी दिवसभर मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

शुक्रवार, ७ जून

कालचं चित्रण पुन्हा पाहिलं. ट्रकखाली ताईच्या चपला स्पष्ट दिसतात. पण काल त्यात गाडी वीतभर आधी थांबली होती. आज बंपर तिच्या गुडघ्याला लागतो. तिथे चित्रण संपतं.

ताईच्या गुडघ्यावर काळानिळा डाग आहे. टेबल लागलं असेल, असं ती म्हणते.

रविवार, ९ जून

ताई ओट्यापाशी उभी होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं. ओला टॉवेल झटकावा तसा आवाज झाला आणि तिचा गुडघा उलटा वळला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. सोमवारी पोचवायच्या धुतलेल्या चादरी भरून गाडी घरीच आणली होती, त्या मी गुंडाळल्या. एक भिजली की दुसरी. दाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन नुसते अगं, अगं करत होते.

त्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं आणि तिथल्या आवारात पडदा पाहिला. चित्रण पुढे सरकलं आहे. बंपर गुडघा मोडतो, ती खाली कोसळते. तिथे थांबतं.

मंगळवार, ११ जून

मेकॅनिकचा पाना घेऊन कॅमेरा फोडला. मेकॅनिकने शिव्या घालत नवा बसवला. नव्यातही तेच चित्रण, आणखी थोडं पुढचं. पुढचं चाक तिच्या उजव्या हातावर चढतं.

दवाखान्यात गेलो तेव्हा नर्स किंचाळत बाहेर आली. पलंगावर पडल्या पडल्या ताईची बोटं चेंगरत होती, करंगळीपासून, एकेक करून. नखं फुटली. तिचा हात मी धरला होता. माझ्या मुठीत तो चपटा होत गेला —

डॉक्टरांनी दाजींना बाजूला नेऊन विचारलं, तुम्ही बायकोला मारता का. दाजींना रडता येईना.

गुरुवार, १३ जून

चाक कोपरापर्यंत. हात तिथूनच कापावा लागला.

काकांचे पाय धरले. ते म्हणाले, एकच उपाय ऐकून आहे. तीच गाडी, तीच जागा, तेच माणूस. पुन्हा अंगावर जायचं, पुन्हा थोडक्यात थांबायचं आणि बरोबर शब्द बोलायचा. एकाने करून पाहिलं होतं. त्याचा ब्रेक उशिरा लागला.

शनिवार, १५ जून

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ब्रेक तपासून घे, शहाण्या.

आम्ही हट्ट धरून तिला घरी आणलं. दाजींना एवढंच सांगितलं की तिला चाकाच्या खुर्चीत बसवून फाटकासमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. शब्दाचं सांगितलं नाही. त्यांना आता आणखी काही समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती.

चित्रणात चाक खांद्याशी आलं आहे. पुढे मान.

रविवार, १६ जून

लाँड्री बंद. रस्ता मोकळा. ताई रस्त्याच्या मध्ये, मागे दाजी. मी निघालो. ती माझ्याकडेच बघत होती, डोळे न मिटता. सबूर, सबूर — दाबला.

थांबली. चाकाच्या खुर्चीला बंपर टेकला नाही. बोटभर उरलं.

'सुटली' म्हणालो. मोठ्याने, स्पष्ट. पडदा काळा झाला. किल्लीकडे हात नेणार, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. दाजी. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकले, हुंदके देत म्हणाले, वाचली रे, वाचली तुझी ताई — आणि त्यांनीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

पुन्हा इंजिन चालू केलं. सुटली, सुटली, घसा बसेपर्यंत. चित्रण परत आलं होतं, पुसलं जाईना.

आता गाडी घराच्या दारात. मी केबिनमध्ये. किल्ली दाजींच्या खिशात. ते आत ताईला काहीतरी सांगतायत, ती हसतेय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

सांगायला जायला हवं. काय सांगू —

पडदा उजळला. आपोआप.

खांदा. चाक अजून फिरतंय. तिचे केस त्याच्यात —

आत ताई अजून हसते आहे, अजून, अजून हस