मधला आरसा

बाबा, आज सकाळी चाचांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तुमच्या रिक्षात तुमच्याच बाजूला अर्ध्या सीटवर टेकून वर्षानुवर्षं भिवंडीला लूमवर गेले, तेच चाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आज पट्टी निघाली. त्यांना घरी सोडून आलो आणि तेव्हापासून हा कागद घेऊन बसलोय. तुम्ही समोर होतात तेव्हा तुम्हाला 'तू'च म्हणायचो, आपल्याकडे बापाला 'तुम्ही' म्हणायची पद्धत कुठे होती. पण लिहायला घेतलं की हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेवढा मान आता चालून जाईल.

मी दमलोय, हे आधीच सांगून टाकतो. भात कापल्यावर ज्या खाचरात तुम्ही वाल टाकायचात, तिथे आता गोडाऊन आहे आणि त्या गोडाऊनमध्ये माझं टेबल आहे. आपल्याच जमिनीवर मी ड्युटी करतो. घरापासून चालत दहा मिनिटांचा रस्ता, तरी गाडीने जातो, कारण रस्त्यावर कंटेनर एवढे की चालायला कडेला जागाच राहिलेली नाही. अंजूरहून भिवंडीला जायचं म्हटलं की नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये निम्मा जीव जातो. तुम्ही दिवसाला सहा-सात फेऱ्या मारून घरी यायचात आणि वर ओट्यावर बसून गप्पा मारायचात. मी एक फेरी करून येतो आणि बायकोने काही विचारलं तरी अंगावर धावून जातो. ती बिचारी आता विचारतच नाही.

आई बरी आहे. शुगर आहे, पण बरी आहे. दर मंगळवारी टेमघरच्या डॉक्टरांकडे जाते, शेअर रिक्षाने. गाडी दारात उभी असते आणि माझी आई, पंच्याहत्तर वर्षांची, पिशवी घेऊन नाक्यावर रिक्षा भरायची वाट बघत बसते. पूर्वी पाच मिनिटांत सीट भरायच्या. आता घरोघरी गाड्या आणि स्कूटर झाल्या, रिक्षा भरायला अर्धा तास लागतो. मी म्हणतो, आई, मी सोडतो. ती म्हणते, "मना तुज्या गाडीन मलमलतंय." पाच वर्षं हेच चाललंय. बायकोला वाटतं एसीने होत असेल, एसी बंद करा. मुलीने लिंबू आणून ठेवलं. मला माहीत आहे की एसीचा आणि लिंबाचा इथे काही संबंध नाही, आणि आईलाही माहीत आहे की मला माहीत आहे. आम्ही दोघंही तोंडात मूग धरून बसलोय.

तुम्हाला ती कोळीण आठवते का, खाडीवरून मासळीची टोपली घेऊन यायची ती? कॉलेजच्या सुट्टीत तुम्ही मला रिक्षा शिकवत होतात. तुम्ही मागे बसलेले, मी हँडलवर. तिने हात केला आणि मी सरळ पुढे निघून गेलो. मागे नवीन कपड्यातली लग्नाची माणसं बसली होती, टोपलीतलं पाणी गळेल, वास येईल, असा विचार केला मी. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि रिक्षा वळवायला लावलीत. लग्नाची माणसं कुरकुरायला लागली. परत तिच्यापाशी आलो तर तुम्ही उतरून तिला म्हणालात, "मावशी, या टायमाला जागा न्हाय. पुढल्या फेरीला नेतंय." बस, एवढंच. तिला घेतलं नाहीच. मला कळेना, मग वळायला कशाला लावलं? घरी आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर मला झाडलंत. "रस्त्यात हात दिसला का थांबायचा. जागा नसंल तरी थांबायचा. न्हाय म्हनायचा तर थांबून, तोंडावं न्हाय म्हनायचा. आनि तो आरसा काय भांग पाडाया लावलाय? मागं कोन ऱ्हायला ते बघाया लावलाय." आई चुलीपुढे भाकरी थापत होती, ती हसली. मला राग आला होता. माणूस घ्यायचा नाही तर थांबायचं कशाला, पेट्रोल फुकटचं येतं का, असं मी मनात म्हटलं होतं. तोंडावर बोलायची छाती नव्हती.

आता मधली गोष्ट. तुम्ही गेल्यावर इकडे एक साथ आली, बाबा. कशी ते तुम्हाला सांगून पटणार नाही. माणसाने माणसाजवळ जायचं नाही, असा कायदाच झाला. भिवंडीतले लूम बंद पडले. रात्रंदिवस ज्या खडखडाटात आपण बोलायचो तो एकदम थांबला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण सगळे किती मोठ्याने बोलतो. लूमवरचे कामगार डोक्यावर बोचकी घेऊन हायवेने नाशिकच्या दिशेने चालत निघाले. रिक्षा आधी बंद, मग दोन सीटवर चालू, मधे प्लास्टिकचा पडदा. तुमच्या रिक्षात मागे चार, पुढे दोन आणि तरी वर 'अजून एक सरका' असायचं. आमच्या घरात भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवायची, दुधाच्या पिशव्या धुवायच्या, मी गोडाऊनवरून आलो की अंगणातच आंघोळ. मुलगी मोबाईलसमोर बसून शाळा शिकायची. आई ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "गावाला नजर लागली." मी घाबरलो होतो. आईला शुगर, वय झालेलं, आणि घरात बाहेर जाणारा मी एकटा. तिला काही झालं तर ते माझ्यामुळेच होणार, हे मनात पक्कं बसलं. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली. आईला कोणाच्या अंगाला अंग लावून बसावं लागू नये, एवढ्यासाठीच. यात खोटं काही नाही.

दुसऱ्या लाटेत रोज गावातून कोणी ना कोणी गेल्याचं कानावर यायचं. अशातच एका दुपारी आईची शुगर वाढली म्हणून तिला टेमघरला घेऊन निघालो. आई मागे बसलेली, माझ्या बाजूची सीट रिकामी. मोहल्ल्याच्या वळणापुढे ओढ्यावरची मोरी आहे ना, तिथे एक बाई डोक्यावरून पदर ओढून कठड्यावर बसली होती आणि तिच्या पुढे एक माणूस उभा होता. तोंडाला मास्क. त्याने छत्री वर केली. हात नाही, छत्री. बाबा, भर उन्हाळ्यात बंद छत्री आडवी धरून वर करणारा माणूस आपल्या सगळ्या रस्त्यावर एकच. तुम्हीच त्यांना चिडवायचात, "पाऊस न्हाय, ऊन न्हाय, सकालचं सात वाजलंन, छत्री कनाला?" आणि चाचा म्हणायचे, "अरे, तुझी रिक्षा थांबवायला."

आई म्हणाली, "चाचा हाय. थांब रे." मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. गाडी हळू झाली. चाचा दोन पावलं पुढे आले, मी दार उघडेन म्हणून. आणि मी दारं लॉक करायचं बटण दाबलं. खट्ट असा आवाज होतो त्याचा, चारही दारांचा एकदम. मग पुढे निघून गेलो. मीच बोलत राहिलो, टेमघरपर्यंत. की चाचीला काय झालंय माहीत नाही, की तुझी तब्येत अशी, की घरी सुनेने बजावलंय कोणाला गाडीत घेऊ नका. तेही खरंच होतं, तिने बजावलं होतं. पण त्या रस्त्यावर ती नव्हती, मी होतो. निदान थांबून, काच दोन बोटं खाली करून, चाचा, भीती वाटते हो, एवढं तर म्हणता आलं असतं. तुम्ही शिकवलं होतंत तेवढंच.

नंतर कळलं, चाचींना तो आजार नव्हताच. साखर उतरली होती. भाजीच्या टेम्पोवाल्याने दोघांना नेलं, सलाईन लावलं, दोन दिवसांत त्या घरी आल्या. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. पण ते चाचींसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. पुढच्या मंगळवारी मी गाडी काढली तर आई म्हणाली तिला मळमळतं, ती रिक्षाने जाईल. दोन सीटवाल्या रिक्षात प्लास्टिकच्या पडद्यामागे बसून ती गेली. जिच्यासाठी गाडी घेतली ती त्या गाडीत परत बसली नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर चाचा एकदा घरी आले. मी दारात, मुलगी माझ्या बाजूला. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. ते त्या दिवसाचं स्वतःहूनच बोलले. "त्या दिवशी तुज्या गाडीला छत्री दाखवली मी. पन मास्क होता ना तोंडाला, तू कसा वळखशील! सगलेच चोर दिसायचे तेव्हा." आणि हसले. मीही हसलो. म्हणालो, "हो चाचा, मास्कमुळे काही कळायचंच नाही." आई आत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

परवा चाचांचा फोन आला. मुलगा दुबईला, चाची आता थकल्या, दवाखान्यात कोण नेणार. "तुज्या बापाच्या रिक्षात लय बसलो, आता तुज्या गाडीत बसतंय." दोन दिवस मी मनात वाक्यं जुळवत होतो. आज सकाळी ते पुढे बसले, छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरून, तुमच्या बाजूला बसायचे तसेच. जाताना धीर झाला नाही. येताना मोरी आली आणि मी गाडी बाजूला घेतली. मागून कंटेनरवाला हॉर्न मारत होता, मारू दिला. म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं."

त्यांच्या डोळ्याला काळा चष्मा, त्यातून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं असेल. ते म्हणाले, "मना म्हाईत हाय, बेटा."

"कसं?"

"तुजी आय. मागल्या काचेला तोंड लावून माज्याकडं बघीत होती. हात जोडलेले असे. वलनाच्या पार गेली गाडी तोवर तिनी हात सोडले न्हाईत." त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि हात जोडून दाखवले. "मंग मी चाचीला म्हनलो, जाने दो. पोराची भीती हाय, आयची माफी हाय. दोनी आपलीच."

"मग मास्कचं कशाला बोललात?"

"तुजी पोर बाजूला हुबी होती. तिच्यासमोर तुना काय बोलू?" मग म्हणाले, "तुजा बाप असता तर त्यानी थांबून न्हाय म्हटला असता. पन ते दिवस येगलेच होते रे. मी तुज्या जागंवर असतो तर थांबलो असतो का, मना पन सांगता येत न्हाय. चल, गाडी काढ, तो मागं बोंबलतोय."

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. विचारलं, "सोडलास चाचाना? दारापर्यंत?" हो म्हटलं. चाचांनी काय सांगितलं ते बोललो नाही. म्हटलं, मंगळवारी मी नेऊ का तुला? तिने मान वर न करता म्हटलं, "बघू." पाच वर्षांत पहिल्यांदा तिला मळमळ आठवली नाही. मी त्यावर फार आशा धरत नाही, बोंबील संपवायच्या घाईत असेल.

हे पत्र पाठवायचं कुठे? गाडीच्या खणात जुने मास्क पडलेत, त्यांच्याखाली ठेवून देतो. आईला वाचता येत नाही आणि बायको तो खण उघडत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्हाला वाटेल, पोराने आरशात बघितलं नाही. बघितलं होतं, बाबा. दाराच्या आरशात बघितलं होतं, छत्री हळूहळू खाली येईपर्यंत. मधल्या आरशात आई होती, तिकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.