सोफा आणू नकोस

प्रिय ठकूबाई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'आई, मजा येतेय ना?' असं विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. म्हणून हे पत्र. लिहून झालं की माझ्या खोलीतल्या जोडीदारीण बाई त्याचा फोटो काढून तुला पाठवतील. मग सावकाश वाच आणि मध्ये बोलू नकोस.

मजा येत नाहीये. पाय सुजलेत. पहाटे उठवतात, बसमध्ये कोंबतात, देवळापाशी उतरवतात, आणि मान वर करून कळस बघेपर्यंत 'चला, चला' सुरू. आमच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. माणसांना रांगेत उभं करायची खोड अजून गेलेली नाही. मी पाटीवरची माहिती वाचत रेंगाळले की तिकडून हाक येते, "अहो वहिनी, परीक्षा नाहीये उद्या! या फोटोला!" फोटोत हसावं लागतं, कारण तो तुला पाठवायचा असतो. नवरा गेलेली बाई हसली की सगळ्यांना आपलंच पुण्य फळल्यासारखं वाटतं. प्रवासाने दृष्टी विशाल होते, हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की कान किटले. माझी दृष्टी काही विशाल झालेली नाही. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय बहुतेक.

निघायच्या आदल्या दिवशीचं आपलं भांडण मी विसरलेले नाही. बाबांची खोली रिकामी करायची, रंग द्यायचा, सोफा टाकायचा, 'म्हणजे तुला जरा उजेड मिळेल'. मला उजेड कमी पडतोय असं तुला सांगितलं कुणी? त्या खोलीत तुझे बाबा लोकांची पुस्तकं बांधायचे आणि मी त्यांच्यासाठी खळ शिजवता शिजवता तीच पुस्तकं वाचायचे. माझी शाळा लवकर सुटली. पुढची सगळी शाळा त्या टेबलाच्या कडेला बसून झाली. कित्येक गोष्टींचे शेवट मला अजून ठाऊक नाहीत, कारण त्याआधीच गिऱ्हाईक पुस्तक घेऊन जायचं. मी हळहळले की ते म्हणायचे, "शेवट तू कर ना. गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे?" मी परत येईपर्यंत तिथल्या सुईलाही हात लावायचा नाही, असं तुझ्याकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे मी विमानात बसले.

परवाचं देऊळ मात्र वेगळं निघालं. अर्धं उभं, अर्धं गवतात. कोरीव दगड रांगांनी मांडून ठेवलेले, कुणाचा हात, कुणाचं कमळ. दुरुस्तीसाठी म्हणून कधीतरी ते दगड दगड सुटा करून उतरवलं, मग देशात लढाई पेटली, आणि कुठला दगड कुठला हे सांगणारंच कुणी उरलं नाही. पुढे आलेल्या माणसांची उमर दगडाला दगड लावून बघण्यात गेली. गाइड हे कौतुकाने सांगत होता आणि माझं डोकं तापत होतं. उतरवणाऱ्यांना एवढी घाई कसली होती? छापलेल्या पानांचा एक गठ्ठा, फर्मा म्हणायचे ते, मागेपुढे शिवला गेला, तर तुझे बाबा स्वतःला शिव्या घालत अख्खं पुस्तक उसवायचे. ज्या जागचा जुना दगड सापडलाच नाही, तिथे नवा बसवलाय. साधा, कोरा, नक्षी नाही. बाई म्हणाल्या, "शोभा गेली हो." मी म्हटलं, "गेली तर गेली. खोटी तर आणली नाही." त्यानंतर दुपारभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. या सहलीत तेवढीच विश्रांती.

आत गाभारा रिकामा होता. मूर्ती नाही, दिवा नाही. तरी त्या दाराशी सगळी माणसं आपोआप गप्प झाली. कुणी 'चला' म्हटलं नाही.

आता खरं सांगते. त्याच संध्याकाळी तू फोनवर तोंड दाखवलंस, ऑफिसात आहे म्हणालीस. तुझ्या मागे कोरी भिंत होती आणि भिंतीवर ओलीचा तो लांबट डाग. संसारभर बाबांच्या शेल्फामागे झाकून ठेवलेला डाग मला ओळखू येणार नाही होय? बाई समोर होत्या म्हणून मी गिळून बसले. दोन दिवस मनात तुला बोल लावत होते, आणि हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. पण मला तुझे डोळेही दिसले होते. सर्दी झालीय म्हणालीस. सर्दीने तुझा आवाज बसतो, डोळे सुजत नाहीत, हे मला शिकवू नकोस. मला ते बघावं लागू नये म्हणून तू मला समुद्रापलीकडे धाडलंस आणि स्वतः एकटी त्या खोलीत उभी राहून एकेक वस्तू उचललीस. ही कुठली अक्कल, ठकू? हात लावायला कुणी सोबत तरी होतं का? आता एक ऐक. रंग देऊ नकोस, सोफा आणू नकोस. खोली आहे तशी राहू दे. मी आले की आपण दोघी तिथे जमिनीवर बसू आणि तू मला सगळं सांग, काय आधी उचललंस, कशापाशी थांबलीस. त्यांच्या मागे जो तो मला जपत राहिला, आणि तुझा बाप गेलाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई