वाढणाऱ्याचा वाटा

११ सप्टेंबर, गुरुवार

पाचवीचं गणित माझ्याकडे! दीपाबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापक सयाजी सर म्हणाले, “मराठीवाल्यांनाच द्यायचं. तुम्ही कमी शब्दांत सांगता.” अकरावीत गणितापासून पळाले ती मराठीत एम.ए. होऊनच थांबले. हे त्यांना माहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भागाकार. फळ्यावर १५६ भागिले १२. विचारलं, “पंधरात बारा किती वेळा?” मग केतन उठला. “बाई, पंधरा कुठनं आले? एकशे छप्पन्न हाईत की.”

खरंच, कुठून आले? घंटा झाली म्हणून वाचले.

१५ सप्टेंबर, सोमवार

फळा पुसला. बाकं भिंतीला लावली. बारा मुलं रांगेत, मांडी घालून. १५६ चिंचोके डब्यात. म्हटलं, “पंगत बसलीय. सगळ्यांना सारखं वाढायचं. काही उरवायचं नाही.”

केतन वाढपी. आधी एकेक टाकत गेला. दुसऱ्या फेरीला वैतागला. “भात गार व्हईल ह्यानं! दहा-दहाच घालतो की.” पुन्हा पहिल्यापासून. दहा-दहा — एकशे वीस गेले. छत्तीस उरले. मग तीन-तीन. डबा रिकामा. तेरा!

एवढंच आहे. मोठ्या संख्येला घाबरायचं नाही. जी फेरी डोळे मिटून जमते ती आधी घालायची — दहाची. मग उरलेलं बघायचं. उरलेलं नेहमी लहान असतं.

सर दारात. “शाळा हाय का मंगल कार्यालय?” केतन म्हणाला, “बसा सर, वाढतो.” सर बसले नाहीत. पण हसू दाबत गेले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज वहीत. चिंचोके नाहीत, माणसं मनात. बहुतेकांना जमलं.

स्नेहलचं एकही बरोबर नाही. बारा जणांत १५६ — तिचं उत्तर बारा. पंधरा जणांत २४० — तिचं पंधरा. वजाबाकी निर्दोष, पाढे पाठ, बाकी शून्य. आणि उत्तर प्रत्येक वेळी कमी! दोनदा तपासलं. शेवटी जवळ बोलावलं. ही बारा माणसांना तेरा पानं मांडत होती.

“तेरावं कुणाचं?”

“वाढणाऱ्याचं. नको व्हय त्याला?”

तिचे वडील कल्लाप्पा लग्नाकार्याचे आचारी. त्यांच्याकडे वाढप्यांचा वाटा आधी झाकून ठेवतात, मग पंगत. वर्गात भांडण पेटलं. केतनचं मत — “वाढपी आतच हाणतोय की आधी!” स्नेहल लाल. “आमच्यात न्हाय हाणत!”

मी म्हटलं, गणितात वाढणारा जेवत नाही. ती म्हणाली, “मग उपाशी वाढायचं?”

“घरी जाऊन जेवतो,” म्हटलं. पटलं नाही तिला. पण पुढची पाचही उदाहरणं बरोबर.

२० सप्टेंबर, शनिवार

पालकसभा. कल्लाप्पा आले, हात हळदीने पिवळे. सरळ मुद्द्यावर. “बाई, चाचणीत वीसात चार. ह्ये काय चाललंय? सहामाहीत पास झाली तर ठेवतो हितं. न्हाय तर दिवाळी झाली की गडहिंग्लजला. माझ्या अक्काकडं. तिथं शिकवणी कडक हाय.”

“तिला येतं आता,” मी म्हटलं.

“कागदावर येऊ द्या की मग.”

स्नेहल शेजारी उभी. मान खाली. बिचारी!

मला ती जायला नको आहे. धडा वाचायला उभी राहिली की वर्ग ऐकतो. पूर्णविरामाला थांबते. पाचवीत कुणी थांबत नाही! म्हणजे स्वार्थ माझाच. असू दे.

२४ सप्टेंबर, बुधवार

८६४ लाडू, २४ माणसं. वर्ग दहा-दहाच्या फेऱ्या घालत होता. तीन फेऱ्या, ७२० गेले, उरले १४४, सहा-सहा. छत्तीस. ठीक.

स्नेहलने फेरीच घातली नाही. “बाई, दोन पंगती करा की. अर्धी माणसं हिकडं, अर्धी तिकडं. लाडू पण निम्मे-निम्मे. मग एकाच पंगतीचं बघायचं.” ४३२ आणि बारा. “अजून निम्मं.” २१६ आणि सहा. छत्तीस! केतन ओरडला, “अजून निम्मं कर! तिघंच राहू दे, आपणच जेवू!” तेही केलं. १०८ आणि तीन. छत्तीसच.

हे मी शिकवलं नव्हतं. फळ्यासमोर मीच उभी राहिले बघत. माणसं निम्मी, लाडू निम्मे, वाटा तोच! शाळेत असताना मला हे कुणी का सांगितलं नाही?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सराव चाचणी. स्नेहलची पाचपैकी पाच चूक! ९६ भागिले ८ — चाळीस? वाढपी धरूनही असं येत नाही.

मधल्या सुट्टीत तोंडी विचारलं. सगळं बरोबर, विचारायच्या आत. मग कागदावर काय झालं? “इसरलं,” म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघितलं. कागदाची भीती असणार. गडहिंग्लजची.

कल्लाप्पांना फोन केला. म्हटलं, सारखं गडहिंग्लज काढू नका तिच्यापुढे. “मी कुठं काढतोय बाई! तीच काढतीया रोज.”

पोर किती धसका घेते!

७ ऑक्टोबर, मंगळवार

गुरुवारी पेपर. रात्री पाढे म्हणत बसले ती मीच. ती मात्र मैदानात दोरीवरच्या उड्या मारतेय. धीट आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पेपर झाला. ५७६ झाडं, १८ रांगा. तिच्या बाकामागे दोनदा जाऊन उभी राहिले. कागदाकडे बघितलं नाही. शपथ! ओठ हलत होते, पेन्सिल थांबत नव्हती. वेळ संपल्यावरही मान वर नाही. कागद ओढून घ्यावा लागला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वीसात एकोणीस!! एका ठिकाणी ‘झाडं’ लिहायचं राहिलं, नाही तर वीस. मी खोलीत एक गिरकी घेतली. सर म्हणाले, “बाई, बेतानं. टेबल सरकारी हाय.”

संध्याकाळी कल्लाप्पा जिलेबीचा पुडा घेऊन आले. वाढपी बरोबर आणला नव्हता, स्वतःच वाटली. “गडहिंग्लज रद्द!” शाळाभर ऐकू गेलं. स्नेहल जी रडायला लागली ती थांबेना. “आनंदानं हो,” कल्लाप्पा म्हणाले. माझेही डोळे भरले. जिलेबी दोन खाल्ल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्नेहलचे डोळे आजही सुजलेले. बाजूला घेऊन विचारलं.

“मला जायचंच हुतं की बाई. गडहिंग्लजला आत्तीकडं माझ्याएवढ्या तिघी हाईत. हितं मी एकटीच.”

“मग पेपर बरोबर का सोडवलास?”

“चुकायचंच ठरवलं हुतं. पण सोडवाय लागलो, आणि चुकायचं ध्यानातच राहिलं न्हाय.”