छत्र्या मिटेपर्यंत

लाडक्या आईस,

वरिगोत्तीला, समुद्रावर, आम्ही कॉलेजची सगळी मुलं नीट पोचलो. हवा छान आहे. तुला झोप लागते का गं?

दुपारी तू दिलेलं भाताचं गार सॅलड सगळ्यांनी संपवलं. जेवल्यावर लगेच पाण्यात जायचं नाही, म्हणून वाळूत पडून राहिलो. मग तुल्यो म्हणाला, "चला रे, कुणाची आई बघत नाहीये." सगळे पळाले. मी तिथंच बसले.

"तुझं अजून जिरलं नाही का गं?" फियोरेन्झा पाण्यातून ओरडली.

बाबा घड्याळ बघून "आता जा" म्हणायचे ना, त्याची मी वाट बघत होते. मार्चमध्ये त्यांना माती दिली हे ठाऊक असूनही. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटल्या, तेव्हा उठले.

डबा धुतलाय. पोहायचे कपडे कोरडेच आणतेय.

तुझीच,
ऑर्नेला