कपाटातच संपलेली वॉरंटी

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी साहेब,
तालुका ग्राहक मदत कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

अर्जदार : रय्यान बद्रुद्दीन मुकरी, वय २३, धंदा क्रिकेट सामन्यांचं लाइव्ह शूटिंग, रा. पनवेल.

विषय : वॉरंटी संपल्यानंतर बिघडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क बदलून मिळणेबाबत. (खरं काय पाहिजे ते मुद्दा ८ मध्ये आहे.)

संदर्भ : सर्व्हिस सेंटरचा मेसेज, "आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे."

महोदय,

१. अर्जदार हा अर्ज लिहिणारच नव्हता. दोनदा टाइप करून पुसला. अर्जात स्वतःला 'अर्जदार' म्हणायचं असतं एवढं माहीत आहे, बाकी भाषा जमेल तशी आहे. अर्जदार बारावीनंतर कुठं शिकला नाही. कॅमेरा, लाइव्ह, एडिटिंग, सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. अर्ज कसा लिहायचा याचाही व्हिडिओ बघितला. त्यात शेवटपर्यंत नम्र राहा असं सांगितलंय. अर्जदार प्रयत्न करेल.

२. सदर हार्ड डिस्क अर्जदाराने विकत घेतलेली नाही. ती बक्षीस आहे. सुकापूरच्या बाजूला दरवर्षी टेनिस बॉलची स्पर्धा होते, तिचं लाइव्ह अर्जदार करतो. आयोजकांना सगळे दाजी म्हणतात, बिलावर पण दाजीच लिहिलंय. २०२४ च्या जानेवारीत दाजींच्या मनात आलं की बॅट्समनला बाइक, बॉलरला कूलर, मग दिवसभर उन्हात मचाणावर उभ्या राहणाऱ्या कॅमेरावाल्याने काय घोडं मारलंय? म्हणून त्यांनी डिस्क आणली. बिल त्याच दिवशी फाटलं. एक वर्षाची वॉरंटी त्याच दिवशी सुरू झाली.

३. पण बक्षीस पाहुण्यांच्या हस्तेच द्यायचं असतं. फायनलला पाहुणे आले नाहीत. मग लोकसभेची आचारसंहिता लागली. दाजी बोलले, "आता स्टेजवर काय वाटलं तर कोणीतरी फोटो काढून पाठवील, आणि मी आत." मग पावसाळा, मैदानात गुडघाभर पाणी. मग विधानसभेची आचारसंहिता. एवढा सगळा वेळ डिस्क मंडळाच्या कपाटात. चकचकीत कागद, वर गुलाबी रिबीन. अर्जदार मध्ये मध्ये जाऊन बघून यायचा. एकदा बोलला पण, दाजी, नुसती हातात द्या, फोटो मग काढू. दाजी बोलले, "पाहुण्याशिवाय द्यायला ते काय चोरीचं आहे का?" शेवटी पुढच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला पाहुणे आले. शाल, नारळ, डिस्क, टाळ्या. अर्जदाराने घरी येऊन रिबीन सोडली तेव्हा वॉरंटी संपून आठवडा झाला होता. त्या दिवशी हे त्याच्या ध्यानात पण आलं नाही. तो खूश होता.

४. आता मुख्य गोष्ट. अर्जदाराचा मित्र जैतू हिलम, कातकरी वाडीवरचा, डाव्या हाताने बॉल टाकतो. अर्जदाराने कॅमेऱ्यातून लय बॉलर बघितलेत. जैतूच्या बॉलमागे कॅमेरा फिरवायला वेळच मिळत नाही. म्हणून त्याच्या ओव्हरला अर्जदार आधीच स्टंपवर फोकस लावून ठेवायचा. दुसरीकडे कुठं बघायची गरजच पडायची नाही. गेल्या सीझनला त्याचे आईवडील जवळच्याच वीटभट्टीवर होते, तर सुट्टीच्या दिवशी तो हातपाय धुऊन थेट मैदानात यायचा. यंदा मुकादमाने दौंडच्या पुढची भट्टी ठरवली आहे. तिकडे गेला की पाऊस लागेपर्यंत परत येणं नाही. लहानपणापासून त्याचं असंच चाललंय.

५. यंदा हे थांबण्याचा एक चान्स होता. द्रोणागिरीला एका गोदाम कंपनीची टीम आहे. टीममध्ये घेतलं तर गोदामात पक्की नोकरी, आणि रविवारी खेळायचं. अर्जदाराने त्यांच्या स्पोर्ट्सच्या सरांना फोन लावला. सरांचे शब्द असे : "ट्रायल-बियल काही नाही, अख्खा तालुका येऊन उभा राहतो. तीन मॅचचा पूर्ण व्हिडिओ पाठव. कापाकापी नको. कापला की सगळेच हिरो दिसतात." अर्जदाराने जैतूच्या तीन मॅच पूर्ण काढल्या होत्या. चॅनलवर पण होत्या. पण ओव्हरच्या मध्ये डीजे गाणी वाजवतो, गाण्यांच्या मालकांनी तक्रारी केल्या आणि चॅनल बंद झालं. लॅपटॉप भरला होता म्हणून सगळं या डिस्कवर हलवलेलं. दुसरीकडे कुठं नाही. आणि नेमकी तीच बिघडली, म्हणून लोकांच्या मोबाइलमधल्या क्लिपा मागून आणल्या. अर्धा मिनिट, वर आगीचे इफेक्ट. सर बोलले, "यात बॉलर कोण आणि डीजे कोण, तेच कळत नाही."

६. सरांना फोन लावला त्याच आठवड्यात डिस्क टकटक करायला लागली होती. लॅपटॉपला लावली की फोल्डर दिसतं. 'जैतू सेमी' असं नाव पण दिसतं. क्लिक केलं की टक, टक, टक, आणि सगळं गायब. म्हणजे मॅच आत आहे, नाव लावून बसली आहे, फक्त बाहेर येत नाही. एका व्हिडिओत होतं की डिस्क पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, थोडा वेळ चालते. ठेवली. अर्जदाराची अम्मी फहमिदा बोलली, "रय्यान, ह्या तुझ्या डब्याला सुरमईचा वास लागला तर मला बोलू नको." डिस्क थंड झाली. मग टकटक पण थंड डोक्याने करायला लागली.

७. सर्व्हिस सेंटरला गेलो. माफ करा, अर्जदार गेला. काउंटरवर पूर्वी नावाच्या मॅडम होत्या. त्यांना दाजींचं मंडळाच्या लेटरहेडवरचं पत्र दाखवलं, की सदर वस्तू वर्षभर आमच्या कपाटात होती व तिला कोणीही हात लावलेला नाही. मॅडमनी पूर्ण वाचलं. बोलल्या, "सर, वॉरंटी बिलापासून धरतात. रिबिनीपासून नाही." मग आवाज खाली करून बोलल्या, "आणि समजा वरून परवानगी आली, तरी जुनी इथे जमा करावी लागते. तुम्हाला नवीन कोरी मिळेल." अर्जदाराने विचारलं, मग आतलं? "आतलं गेलं, दादा." सरचं दादा झालं तेव्हाच अर्जदार समजला.

८. म्हणून साहेब, अर्जदाराला नवीन डिस्क नको आहे. विषयात 'बदलून' लिहिलं कारण कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये तेवढाच पर्याय होता. अर्ज मंजूर झाला तर मॅच जातील. नामंजूर झाला तर डिस्क राहील, पण मुकी. आपला अर्ज मंजूर होईल म्हणून घाबरणारा माणूस तुमच्या टेबलावर याआधी आला नसेल. मुंबईत बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणारे एक काका आहेत, त्यांनी कानाला लावून ऐकली. बोलले, "उघडावी लागेल. आणि उघडली की कंपनी तुला दारात उभा करणार नाही. आधी कंपनीकडूनच काढून घे." डिस्क न बदलता आतलं काढून द्यायची कंपनीची वेगळी सोय आहे, पण ती पण वॉरंटीत असेल तरच. म्हणजे फिरून परत त्या रिबिनीपाशी.

९. तरी विनंती की :

(अ) वॉरंटी रिबीन सोडल्याच्या दिवसापासून धरण्याचा कंपनीला आदेश व्हावा. रिबीन सोबत जोडली आहे.

(आ) कंपनीने आतल्या फक्त तीन मॅच काढून द्याव्यात. बाकी लग्नं, उद्घाटनं, अर्जदाराने स्वतःच्या मनाने काढलेली उलव्याच्या खाडीवरची पाखरं, सगळं गेलं तरी चालेल. डिस्क पण ठेवून घ्या.

(इ) हे दोन्ही होत नसेल तर आपण आपल्या सही-शिक्क्याने लिहून द्यावं की जैतू हिलम फास्ट बॉल टाकतो. आपण बघितलेला नाही हे अर्जदाराला मान्य आहे. पण दाजी आणि दोन्ही अंपायर आपल्यासमोर सांगायला तयार आहेत. ज्यांचे स्टंप उडाले ते पण. त्यातला काशिराम बोलला, "कुठं सही करू ते सांग. तो बॉल मला दिसलाच नव्हता, हे मी लिहून देतो." सरकारी शिक्का बघून सर कदाचित ऐकतील.

१०. अर्ज उशिरा आहे हे पण खरं सांगतो. सरांनी सोमवारपर्यंतच मुदत दिली होती. सोमवार गेला. मंगळवारी वाडीवर टेम्पो आला. अर्जदार डिस्क खिशात घेऊन गेला होता, कशाला ते त्याचं त्याला माहीत नाही. पॉवर बँक आणि जुन्या मोबाइलला लावून दाखवली. जैतूने कानाशी धरली. "वाजतं रं. मंजे आत हाय ना मी?" अर्जदार बोलला, हाय. जैतूची आई शुक्री मावशी टेम्पोत भांडी चढवत होती, ती बोलली, "डब्यातला जैतू ठेव तुज्याजवल. मना भायेरचा पायजे, इटा पाडाया हात कमी हायेत." जैतू हसला आणि चढला. बसायला जागा नव्हती, तर पत्र्याच्या पेटीवर बसला. अर्जदाराने त्याचा व्हिडिओ काढला नाही. काढायला पाहिजे होता की नको होता, हे अजून कळत नाही.

आपण काही करू शकाल असं वाटत नाही. पण न लिहिता बसवत पण नव्हतं.

उत्तर आलं तर आभारी, नाही आलं तरी नम्रच राहणारा,

रय्यान बद्रुद्दीन मुकरी
पनवेल, दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) बिलाची झेरॉक्स २) दाजींचं पत्र ३) पाहुण्यांच्या हस्ते डिस्क स्वीकारतानाचा फोटो (मागे तारखेचा बॅनर दिसतो) ४) रिबीन. डिस्क जोडलेली नाही, ती सोडवत नाही.

प्रत : जैतू हिलम, वीटभट्टी, दौंडच्या पुढे. गोरखच्या मोबाइलवर. गोरख, भावाला वाचून दाखव.

जैतू, वर लिहिलंय त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही. तू पण वाट बघू नको. पण भट्टीला ज्या वारी सुट्टी असेल त्या वारी मी कॅमेरा घेऊन तिकडे येतो. तिथल्या पोरांच्या दोन टीम पाडून ठेव. मैदान नसलं तर इटा सुकवायच्या जागेत खेळू. पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत काढतो, आणि तीन मॅच होईपर्यंत येत राहतो. सर बघतील का, त्याचा शब्द मी देत नाही. माझ्या येण्याचा देतो.